कालपर्यंत बरोबर चालणारा मॅक्रो आज भलताच सेल का निवडतो?

मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत काम करते. एजंटांचा रोजचा पिग्मी भरणा मुख्य सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याआधी आम्ही एक्सेलमध्ये उतरवून घेतो. त्यासाठी एक छोटा मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा आज्ञांचा संच, आहे. फॉर्ममध्ये खाते क्रमांक आणि रक्कम टाकायची. मॅक्रो खात्यांच्या शीटमध्ये तो क्रमांक शोधतो, त्या ओळीवर जातो आणि आजच्या तारखेच्या कॉलममध्ये रक्कम लिहितो. सात-आठ महिने हे काम बिनबोभाट चाललं होतं.

मग एका आठवड्यात खाते ११२ चे पैसे खाते १११२ वर जमा होऊ लागले. एरर आला नाही, मॅक्रो कुठे अडकला नाही. दिवसअखेरचा ताळमेळसुद्धा पैशाला पैसा जुळला, कारण एकूण रक्कम बरोबरच होती, फक्त ती दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेली होती. चौथ्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई पासबुक घेऊन काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझे तीन दिवसांचे पैसे यात दिसतच नाहीत." तेव्हा कुठे आम्हाला कळलं. रोजचे पन्नास-शंभर रुपये साठवणाऱ्या माणसाच्या पासबुकात ते दिसत नाहीत, याहून वाईट गोष्ट आमच्या कामात नाही. म्हणून जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. ज्याच्या मॅक्रोमध्ये 'फाइंड' ही शोधण्याची आज्ञा आहे, त्याने हे एकदा तपासावंच.

आधी एक खुलासा. खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. व्हीबीए (एक्सेलची मॅक्रो लिहायची भाषा) एडिटरमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. 'यादी', 'मिळाला', 'सगळे' ही मी व्हेरिएबलना दिलेली नावं आहेत, तुम्ही तुमची ठेवा.

आमच्या मॅक्रोतली मूळ ओळ अशी होती:

सेल्स.फाइंड(क्रमांक).सिलेक्ट

एवढीच. इंटरनेटवर, जुन्या फायलींत, क्लासच्या नोट्समध्ये हीच ओळ असते. आणि त्या दिवसांत कोडला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. मग बदललं काय?

बदललं ते कोडच्या बाहेर. एक्सेलमध्ये आपण कंट्रोल-एफ दाबून जी शोधाची खिडकी उघडतो ती आणि मॅक्रोतलं फाइंड, दोघांची स्मृती एकच आहे. मॅक्रोमध्ये फाइंडला तुम्ही 'लुकइन' (कशात शोधायचं), 'लुकॲट' (संपूर्ण जुळणी की अर्धवट), 'सर्चऑर्डर' (ओळींनी की कॉलमांनी) आणि 'मॅचबाइट' (चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठीची सेटिंग) या गोष्टी सांगितल्या नाहीत, तर एक्सेल त्या आधीच्या शोधावरून उचलतं. तो शोध मॅक्रोने केलेला असो की माणसाने हाताने केलेला. एक्सेल बंद करेपर्यंत ही आठवण टिकते. पुन्हा उघडलं की सगळं मूळ स्थितीला येतं, आणि त्या मूळ स्थितीत लुकॲट 'पार्ट' असतं. म्हणजे सेलमध्ये कुठेही ते अंक सापडले तरी चालतं. ११२ शोधताना १११२ चालतो, ११२५ चालतो, ३११२ पण चालतो.

आमच्याकडच्या एक ज्येष्ठ ताई रोज सकाळी फाइल उघडल्यावर कालच्या शेवटच्या नोंदीपासून पडताळणी सुरू करायच्या. त्यासाठी कंट्रोल-एफ, मग ऑप्शन्स, मग 'मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स'वर टिक, आणि शोध. त्यांची ही सवय आमच्या मॅक्रोला सात-आठ महिने सांभाळत होती. त्या पुतणीच्या लग्नासाठी तीन दिवस रजेवर गेल्या. सकाळी त्या खिडकीत टिक करणारं कुणी नव्हतं, आणि मॅक्रो अर्धवट जुळणीवर गेला. आमची यादी क्रमांकानुसार नाही, एजंटच्या फेरीनुसार आहे, म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानांच्या क्रमाने. १११२ होता ३८व्या ओळीत, ११२ होता २०७व्या ओळीत. वरून खाली येताना जो आधी भेटला तो फाइंडने घेतला. यादी क्रमांकाने लावलेली असती, तर ११२ आधी आला असता आणि ही चूक आणखी वर्षभर लपून राहिली असती.

तुमच्याकडे 'कधी चालतो, कधी नाही', 'माझ्या मशीनवर चालतो, तिच्या मशीनवर नाही', 'एक्सेल बंद करून उघडलं की ठीक होतो' अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी इथेच बघा. खात्री करायला दोन मिनिटं लागतात. कंट्रोल-एफ उघडा, ती टिक काढा, कोणताही शब्द एकदा शोधा, खिडकी बंद करा आणि मॅक्रो चालवा. मग टिक लावून पुन्हा तेच करा. दोन वेळा दोन वेगळी उत्तरं आली, तर रोग सापडला.

उपाय म्हणजे फाइंडला काहीही आठवायला लावायचं नाही, सगळं दर वेळी सांगायचं:

सेट यादी = शीट१.रेंज("ए२:ए६००")
सेट मिळाला = यादी.फाइंड(व्हॉट:=क्रमांक, आफ्टर:=यादी.सेल्स(यादी.सेल्स.काउंट), लुकइन:=एक्सएलफॉर्म्युलाज, लुकॲट:=एक्सएलहोल, सर्चऑर्डर:=एक्सएलबायरोज, सर्चडिरेक्शन:=एक्सएलनेक्स्ट, मॅचकेस:=फॉल्स)

लुकॲट:=एक्सएलहोल म्हणजे संपूर्ण जुळणी, खिडकीतली ती टिकच. आता बाकीच्या तीन गोष्टींकडे नीट बघा.

पहिली, 'सेल्स'च्या जागी 'यादी'. सेल्स.फाइंड सगळ्या शीटभर शोधतं. रकमांच्या कॉलममध्ये कुणी ११२ रुपये भरले असतील तर तोही सेल त्याला चालतो, संपूर्ण जुळणी लावली तरीही. खाते क्रमांक ज्या कॉलममध्ये आहे तेवढ्यातच शोधायचं.

दुसरी, 'आफ्टर'. फाइंड दिलेल्या सेलच्या *नंतर* शोधायला लागतं. आफ्टर दिलं नाही तर ते रेंजच्या डावीकडच्या सगळ्यात वरच्या सेलनंतर सुरू करतं आणि तो पहिला सेल वळसा घालून सगळ्यात शेवटी तपासतं. "पहिल्या ओळीतलं खाते शोधलं की दुसरंच मिळतं" ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते, विशेषतः क्रमांक दोनदा आला असेल तेव्हा. आफ्टर म्हणून रेंजचा शेवटचा सेल दिला की शोध वळसा घालून थेट पहिल्या सेलवर येतो.

तिसरी, लुकइन. हिच्याबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण अर्धे घोटाळे इथले आहेत.

दिसतं ते आणि असतं ते

लुकइनमध्ये 'एक्सएलव्हॅल्यूज' दिलं की फाइंड सेलमध्ये *दिसणारा* मजकूर बघतं. सेलमध्ये १५०००० आहे, पण फॉरमॅटमुळे तो १,५०,०००.०० असा दिसतो. तुम्ही १५०००० संपूर्ण जुळणीने शोधलं तर 'नाही' असं उत्तर येतं. आकडा डोळ्यांसमोर असतो आणि मॅक्रो नाही म्हणतो, तेव्हा माणूस हैराण होतो. कॉलम अरुंद झाला आणि आकड्याच्या जागी ##### दिसायला लागलं तरी हेच होतं, फाइंडला त्या वेळी आकडा दिसतच नाही. कॉलम रुंद केला की तोच मॅक्रो पुन्हा चालतो. मॅक्रो 'आपोआप बरा झाला' असं कुणी सांगितलं, तर कॉलमची रुंदी नक्की विचारा.

'एक्सएलफॉर्म्युलाज' दिलं की फाइंड सेलमध्ये खरोखर टाइप केलेलं बघतं, फॉरमॅट बघत नाही. म्हणून हाताने टाकलेल्या क्रमांकांसाठी मी तेच वापरते. पण क्रमांक सूत्रातून येत असेल, समजा सेलमध्ये दुसऱ्या शीटकडे बोट दाखवणारं सूत्र आहे, तर हे फाइंड सूत्राचा मजकूर वाचेल, उत्तर नाही. तिथे एक्सएलव्हॅल्यूजच लागेल.

लपवलेल्या ओळींचं असंच आहे. एक्सएलव्हॅल्यूज लपवलेल्या ओळी-कॉलममधलं शोधत नाही. आणि शीटवर फिल्टर लावलेला असेल तर फाइंडवर भिस्त ठेवूच नका, लुकइन कोणतंही द्या. कुणीतरी एका एजंटचा फिल्टर लावून फाइल सेव्ह केली की दुसऱ्या दिवशी बाकीच्या एजंटांची खाती 'अस्तित्वातच नाहीत' असं मॅक्रो सांगू लागतो. शोधाआधी ही ओळ टाकली की हा त्रास संपतो:

इफ शीट१.फिल्टरमोड देन शीट१.शोऑलडेटा

इफ विसरू नका. फिल्टर नसताना शोऑलडेटा चालवलं तर एरर १००४ येतो.

तारखांसाठी मी फाइंड वापरणं पूर्ण सोडून दिलं आहे. ५/३/२०२४ म्हणजे पाच मार्च की तीन मे, हे मशीनच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं, आणि सेलमध्ये ती ०५-मार्च अशी दिसत असेल तर व्हॅल्यूजमध्ये शोधून ती सापडत नाही. एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवतं, ५ मार्च २०२४ म्हणजे ४५३५६. तो आकडाच शोधायचा, फाइंडऐवजी मॅच या आज्ञेने (तिच्याबद्दल लगेच पुढे):

उत्तर = ॲप्लिकेशन.मॅच(सीएलएनजी(डेटसिरियल(२०२४, ३, ५)), तारखांचीओळ, ०)

मॅच: क्रमांकासाठी माझी पहिली पसंती

खरं सांगायचं तर एका कॉलममध्ये एक क्रमांक शोधायला फाइंडची गरजच नाही. मॅचला कंट्रोल-एफच्या खिडकीशी काही देणंघेणं नाही. फॉरमॅट, कॉलमची रुंदी, लपवलेल्या ओळी, फिल्टर, कशाचाच त्याच्यावर परिणाम होत नाही.

उत्तर = ॲप्लिकेशन.मॅच(सीएलएनजी(क्रमांक), यादी, ०)
इफ नॉट इझएरर(उत्तर) देन सेट मिळाला = यादी.सेल्स(उत्तर)

'उत्तर' व्हेरियंट म्हणून घोषित करा. आणि 'ॲप्लिकेशन.मॅच'च लिहा. 'वर्कशीटफंक्शन.मॅच' लिहिलं तर न सापडल्यावर ते थेट एरर १००४ देऊन थांबतं, तपासायला उत्तर हातात येत नाही.

मॅच एका बाबतीत मात्र काटेकोर आहे. आकडा ११२ आणि मजकूर म्हणून साठवलेला "११२" या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मच्या टेक्स्टबॉक्समधून येतो तो नेहमी मजकूर असतो, म्हणून वर सीएलएनजी लावलं आहे, ते मजकुराचा आकडा करतं. उलट शीटमध्येच क्रमांक मजकूर झालेले असतील, तर सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. तो कॉलम निवडा, डेटा टॅबमधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा आणि काहीही न बदलता थेट फिनिश दाबा. कॉलमचं फॉरमॅटच 'टेक्स्ट' असेल तर आधी ते 'जनरल' करून घ्या. बाहेरून कॉपी केलेल्या याद्यांत हे इतक्या वेळा होतं की नवीन यादी आली की मी आधी हेच करते.

एरर ९१: सापडलंच नाही, तर निवडणार काय?

'ऑब्जेक्ट व्हेरिएबल ऑर विथ ब्लॉक व्हेरिएबल नॉट सेट.' फाइंडबरोबर हा एरर आला की त्याचा अर्थ जवळपास नेहमी एकच: शोधाला काही सापडलं नाही, त्याने 'नथिंग' परत दिलं, आणि तुम्ही त्या नथिंगला सिलेक्ट करायला सांगितलं. म्हणून शोध आणि निवड एका ओळीत ठेवू नका. आधी उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्या, मग विचारा:

इफ मिळाला इज नथिंग देन एक्झिट सब

'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' टाकून हा एरर गप्प करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. न सापडल्यावर निवड आधीच्याच सेलवर राहते आणि पुढची ओळ तिथेच रक्कम लिहून मोकळी होते. एरर दिसला तर माणूस थांबतो तरी. एरर झाकला की चूक सरळ खात्यावर जाते.

याच एररचा एक छुपा प्रकार आहे, तो पकडायला मला एक अख्खी दुपार लागली. सगळे जुळणारे सेल शोधण्यासाठी फाइंडनेक्स्टचा लूप लिहितात आणि शेवटी अशी अट घालतात: 'लूप व्हाइल नॉट मिळाला इज नथिंग अँड मिळाला.ॲड्रेस <> पहिला'. वाचायला ती बरोबर वाटते. नथिंग असेल तर पुढचं तपासलं जाणार नाही, असं आपण धरून चालतो. पण व्हीबीए 'अँड'च्या दोन्ही बाजू प्रत्येक वेळी तपासतं. मिळाला नथिंग असला तरी ते त्याचा ॲड्रेस मागतं, आणि ९१ येतो. लूपच्या आत तुम्ही सापडलेल्या सेलची किंमतच बदलत असाल, तर शेवटचा सेल बदलल्यावर शोधायला काही उरत नाही आणि लूप नेमका तिथे मोडतो.

अनेक सेल एकदम निवडायचे असतील तर मी असं लिहिते:

इफ नॉट मिळाला इज नथिंग देन
पहिला = मिळाला.ॲड्रेस
डू
इफ सगळे इज नथिंग देन
सेट सगळे = मिळाला
एल्स
सेट सगळे = युनियन(सगळे, मिळाला)
एंड इफ
सेट मिळाला = यादी.फाइंडनेक्स्ट(मिळाला)
इफ मिळाला इज नथिंग देन एक्झिट डू
लूप व्हाइल मिळाला.ॲड्रेस <> पहिला
शीट१.ॲक्टिव्हेट
सगळे.सिलेक्ट
एंड इफ

पहिल्या सेलचा पत्ता लक्षात ठेवणं इथे अत्यावश्यक आहे. फाइंडनेक्स्ट शेवटाला पोचून थांबत नाही, पुन्हा वरून सुरू होतं. पत्ता ताडून पाहिला नाही तर लूप कधीच संपत नाही आणि एक्सेल गोठल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर एस्केप किंवा कंट्रोल-ब्रेक दाबा.

काही जण युनियनऐवजी पत्ते स्वल्पविरामाने जोडून एक लांब मजकूर करतात आणि तो रेंजला देतात. पाच-दहा सेलपर्यंत ते चालतं. तो मजकूर २५५ अक्षरांच्या पुढे गेला की एरर १००४. चाचणीच्या छोट्या यादीवर कधीच दिसत नाही, आणि महिनाअखेरीला दिसतो.

एरर १००४: 'सिलेक्ट मेथड ऑफ रेंज क्लास फेल्ड'

सेल सापडला, पण निवडता येत नाही. कारण साधं आहे: ज्या शीटवर सेल आहे ती समोर नाही. सिलेक्ट फक्त समोर असलेल्या शीटवर चालतं. एक तर आधी ती शीट ॲक्टिव्हेट करा, नाहीतर दोन्ही कामं एकदम करणारी ही ओळ वापरा:

ॲप्लिकेशन.गोटू मिळाला, ट्रू

शेवटच्या ट्रूमुळे तो सेल सरकून खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात येतो. शीटच लपवलेली असेल तर मात्र हेही चालणार नाही.

याचंच भावंड म्हणजे 'शीट१.रेंज(सेल्स(२, १), सेल्स(६००, १))'. बाहेरच्या रेंजला शीट१ लावलं, आतल्या दोन सेल्सना लावलं नाही. स्टँडर्ड मॉड्यूलमध्ये ते सेल्स समोरच्या शीटचे धरले जातात, आणि समोर दुसरी शीट असेल तर १००४. आत दोन्ही ठिकाणी शीट१.सेल्स असं लिहा.

पण त्याआधी स्वतःला विचारा, निवडायची खरंच गरज आहे का? माणसाला दाखवायचं असेल तर निवडा. मॅक्रोलाच पुढे काही लिहायचं असेल, तर 'मिळाला.ऑफसेट(०, ५).व्हॅल्यू = रक्कम' एवढं पुरतं. आमच्या मॅक्रोतून सिलेक्ट काढलं तेव्हा स्क्रीनची लुकलुक थांबली आणि मध्येच कुणी माउस क्लिक केला तर रक्कम भलतीकडे जाण्याची भीतीही गेली.

रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत प्रत्येक ओळीला सिलेक्ट असतं, कारण रेकॉर्डर आपल्या हाताची हालचाल टिपतो. ते तसंच ठेवायला हवं असं नाही.

मराठी मजकूर शोधताना

खातेदाराच्या नावाने शोधायचं ठरवलं की वेगळीच अडचण उभी राहते. व्हीबीए एडिटरमध्ये मराठी टाइप केलं की ???? उमटतं. एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारी पद्धत) जाणत नाही, तो विंडोजच्या जुन्या कोड पेजवर (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यावर) चालतो, आणि देवनागरीसाठी तसं कोड पेजच नाही. म्हणून विंडोजचं सिस्टिम लोकेल मराठी केलं तरी उपयोग होत नाही. त्यात वेळ घालवू नका. शोधायचा मराठी मजकूर एखाद्या सेलमध्ये ठेवा आणि मॅक्रोला तिथून वाचायला सांगा. फॉर्मच्या टेक्स्टबॉक्समध्ये मराठी नीट चालतं. एमएसजीबॉक्समध्ये मात्र ???? येतं, म्हणून मराठी सूचना मी फॉर्मवरच्या लेबलमध्ये दाखवते.

शीटचं नाव मराठीत असेल तर ते कोडमध्ये लिहिताच येत नाही. त्यासाठी शीटचं कोडनेम वापरा. एडिटरमध्ये शीट निवडून एफ४ दाबलं की प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यात वर कंसातल्या 'नेम'समोर ते दिसतं. वरचं 'शीट१' हे तेच आहे. टॅबवरचं नाव कुणी बदललं तरी कोडनेम बदलत नाही, हा आणखी एक फायदा.

त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे दिसायला एकच, पण आतून वेगळं असलेलं नाव. आमच्या यादीत एका वकिलांचं नाव दोनदा होतं. एकदा 'ॲड.' आणि एकदा 'अॅड.'. स्क्रीनवर फरक दिसत नाही. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, कोड २४१८. दुसऱ्यात अ आणि त्यावर चंद्र अशी दोन अक्षरं, २३०९ आणि २३७३. कीबोर्डप्रमाणे कुणी एक टाइप करतं, कुणी दुसरं. 'कुऱ्हाडे'मधल्या ऱ्ह चंही तेच. कुणी ऱ वापरून लिहितं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कोड ८२०५ असं लिहितं. व्हीबीए एरवी अक्षराला अक्षर लावून तुलना करतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही दोन माणसं आहेत.

शंका आली की दोन्ही सेलवर 'लेन' लावून बघा. दिसायला सारख्या दोन नावांची लांबी वेगळी आली की झालं, आत काहीतरी वेगळं आहे. नेमकं काय, ते इमिजिएट विंडोमध्ये 'एएससीडब्ल्यू(मिड(मजकूर, क्रम, १))' विचारून एकेक अक्षर तपासता येतं. वेबसाइटवरून किंवा स्टेटमेंटमधून चिकटवलेल्या नावांच्या शेवटी बऱ्याचदा १६० कोडची न तुटणारी जागा असते. ट्रिम ती काढत नाही. 'रिप्लेस(मजकूर, सीएचआरडब्ल्यू(१६०), " ")' करून मग ट्रिम करा. आमच्याकडे आता नवीन यादी आली की एक छोटा मॅक्रो आधी १६० काढतो, अॅ चं ॲ करतो आणि ऱ्या-ऱ्हांचं लिखाण एकसारखं करतो. नावांचा शोध त्यानंतरच.

जुन्या फायली जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्यात मराठी दिसत असली तरी आत देवनागरी अक्षरं नसतातच. फॉन्ट बदलून पाहिलं की ते लगेच कळतं. अशा फायलीत युनिकोडमधला कोणताही शब्द सापडणार नाही, आधी ती रूपांतरित करावी लागेल.

मजकुरात *, ? किंवा ~ असेल तर फाइंड त्यांना खूण समजतं. तेच चिन्ह शोधायचं असेल तर त्याच्या आधी ~ लावा.

आणि आकड्यांबद्दल एक राहिलं होतं. ओळ क्रमांक ठेवायला 'इंटिजर' वापरू नका, तो ३२७६७ ला संपतो आणि पुढच्या ओळीला एरर ६ येतो. शीटला १०४८५७६ ओळी आहेत, 'लाँग' वापरा.

आमच्या मॅक्रोत आता रक्कम लिहिण्याआधी काउंटिफ चालतं. क्रमांक शून्य वेळा आला तर 'खाते नाही', दोनदा आला तर 'दुबार खाते' असं लेबलवर दिसतं, आणि नेमका एकदाच आला तरच पुढे जायला मिळतं. मग फॉर्मवर खातेदाराचं नाव मोठ्या अक्षरांत येतं आणि कारकुनाने 'बरोबर' दाबल्याशिवाय काही लिहिलं जात नाही. मॅक्रोने शीटवर लिहिलेलं कंट्रोल-झेडने परत घेता येत नाही, म्हणून रोज सुरुवातीला फाइलची एक प्रत तारखेच्या नावाने बाजूला पडते. त्या बाईंची तीन दिवसांची रक्कम १११२ मधून उलटी नोंद करून ११२ वर घेतली आणि पासबुक त्यांच्यासमोर भरून दिलं. १११२ वाल्या दुकानदाराला फोन करून कारण सांगितलं.

दुरुस्ती केल्यावर तपासणी अशी करा. एक्सेल पूर्ण बंद करून उघडा आणि काहीही न शोधता मॅक्रो चालवा. मग कंट्रोल-एफमध्ये टिक उलट करून चालवा. मग एक फिल्टर लावून चालवा, मग क्रमांकांचा कॉलम अरुंद करून, मग दुसऱ्या शीटवर जाऊन. शोधायला तुमच्या यादीतला असा क्रमांक घ्या, जो दुसऱ्या मोठ्या क्रमांकाच्या पोटात बसतो आणि यादीत त्याच्या खाली येतो. आम्ही ११२ च घेतो.